वासराचा वाटा

आपल्या गवळी ज्ञातीचा मूळ पुरुष कोण, आपले पूर्वज कोणत्या मार्गाने या प्रांती आले, गोकुळाशी आपला संबंध कसा पोहोचतो, याविषयी मंडळाच्या स्मरणिकेतून आजवर विपुल लेखन झाले आहे. ते सर्व वाचनीय आहे, आणि पूर्वजांचा अभिमान बाळगणे हे कोणत्याही समाजास भूषणावहच होय. तथापि गोपालक म्हणविणाऱ्या समाजाच्या इतिहासात माणसांखेरीज आणखी एक पात्र असते, आणि त्याच्याविषयी कोणी चार ओळी लिहिलेल्या आमच्या पाहण्यात नाहीत. ते पात्र म्हणजे दावणीचे वासरू. गाईम्हशीला पान्हा फुटतो तो वासरासाठी. आपण त्यात भागीदार झालो ते मागाहून. या भागीदारीत मूळ धन्याचा वाटा किती राहिला आणि तो कोणत्या काळी, कोणत्या कारणाने घटत गेला, हे पाहणे म्हणजेच आपल्या धंद्याचा प्रामाणिक इतिहास पाहणे होय. तो यथामति मांडण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

प्राचीनांनी हा प्रश्न ओळखला होता, यात शंका नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोऽध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना दोहनाचे नियम घालून दिले आहेत. वर्षा, शरद् व हेमंत या ऋतूंत चारा मुबलक असतो, म्हणून दोन्ही वेळा धार काढावी. शिशिर, वसंत व ग्रीष्म या ऋतूंत एकच वेळ काढावी. आणि या दिवसांत जो दुसऱ्यांदा धार काढील त्याचा अंगठा तोडावा, अशी शिक्षा सांगितली आहे. शिक्षा भयंकर खरी, परंतु तिच्यामागील विचार ध्यानात घेण्याजोगा आहे. चारा आटला की दूध आटते, आणि अशा वेळी माणसाने दुसरी धार काढली तर वासराच्या तोंडी काय उरणार? त्याच ग्रंथात वासरू, वळू व दुभती गाय यांस अवध्य ठरवून त्यांच्या वधास पन्नास पणांचा दंड सांगितला आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात व्यालेल्या गाईचे दूध दहा दिवसपर्यंत वर्ज्य मानिले आहे, आणि जिचे वासरू जवळ नाही अशा गाईचे दूधही निषिद्ध गणिले आहे. या निषेधांस सोवळ्याओवळ्याचे रूप असले तरी त्यांचा प्रत्यक्ष लाभ वासराच्याच पदरी पडत होता. पहिले दहा दिवस त्याचे, आणि ते मेले तर त्याच्या आईच्या दुधावर माणसाचा हक्क नाही, इतका स्पष्ट हिशेब त्या काळी मांडला गेला होता.

महाराष्ट्रात गावोगावी जे वीरगळ आढळतात, त्यांपैकी पुष्कळांवर गाईंचे कळप कोरलेले असतात. परचक्राने वा चोरांनी हाकून नेलेले गोधन सोडविताना जे पडले, त्यांची ती स्मारके होत. गोधनासाठी प्राण देणारी माणसे या भूमीत होती, याची साक्ष हे दगड देतात. परंतु संकटप्रसंगी प्राण देणे आणि नित्याच्या व्यवहारात जिवाला जपणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचे स्मारक होते. दुसरीचे होत नाही. म्हणूनच दुसरीचा शोध शिलालेखांत न घेता घरच्या चालीरीतींत घ्यावा लागतो.

आपल्या चालीरीतींत वासराच्या वाट्याची जी तरतूद होती, ती वाडवडिलांना पाठ होती. धारेस बसण्यापूर्वी वासरू सोडावयाचे, त्याने ढुसण्या देऊन पान्हा आणावयाचा, मग त्याला बाजूस बांधून धार काढावयाची, आणि शेवटी एक सड त्याच्यासाठी राखून पुन्हा सोडावयाचे. सुजाण घरांतून पहिला चीक वासराला पोटभर पाजून उरलेल्याचाच खरवस करीत व तो शेजारीपाजारी वाटीत. अश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे वसुबारसेस, आपण जिची पूजा करतो ती नुसती गाय नव्हे, सवत्स धेनू होय. अनेक घरांतून त्या दिवशी स्त्रिया दुधातुपाचे पदार्थ वर्ज्य करतात. वर्षातून एक दिवस का होईना, सारे दूध ज्याचे त्याला परत करावे, असा या व्रताचा अर्थ आम्ही लावतो. जेथे गाय व वासरू एकाच अंगणात वाढते, कालवड उद्याची गाय आणि गोऱ्हा उद्याचा बैल असतो, तेथे हा वाटा देण्यास फार मोठ्या पुण्यबुद्धीची गरज नव्हती. गोऱ्ह्याला आज पाजलेले दूध चार वर्षांनी नांगराला उपयोगी पडत असे. धर्म आणि व्यवहार एकाच जुवाला जुंपलेले होते.

हे जू प्रथम मोडले ते शहरात. मुंबईसारखे नगर वाढू लागले, गिरण्या निघाल्या, लाखो माणसे आली, आणि त्यांना दूध हवे झाले. त्या काळी बर्फाची गाडी नव्हती. दूध दूरवरून आणावे तर नासून जाई. म्हणून जनावरच शहरात आणण्याचा उपाय निघाला. गुजरातेतून व उत्तर हिंदुस्थानातून उत्तमोत्तम ताज्या व्यालेल्या म्हशी आणून त्या शहरातील तबेल्यांत बांधल्या जाऊ लागल्या. तेथे चरावयास कुरण नाही, वळूची सोय नाही, चारा-पेंड सारे विकतचे. त्यामुळे म्हैस भाकड झाली की पुढील विणीपर्यंत तिला पोसण्यापेक्षा ती खाटकास विकून दुसरी ताजी म्हैस आणणे मालकास परवडे. या हिशेबात रेडकाला जागाच नव्हती. नगरात रेड्याला शेत नाही, पारडी मोठी होऊन म्हैस होईपर्यंत तीन-चार वर्षे थांबण्यास धनी तयार नाही, आणि रेडकू दिवसाला दोन-तीन लिटर दूध प्यायले तर तितक्याचे रोख पैसे बुडतात. परिणामी बहुसंख्य रेडके तबेल्यांत काही दिवसांतच उपासमारीने मरत. धनी त्यांना मारीत नसे. फक्त पाजीत नसे.

रेडकू मेल्यावर म्हैस पान्हा चोरते. त्यावर दोन उपाय रूढ झाले. मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे उभे करणे हा एक. दुसरा त्याहून क्रूर, तो म्हणजे फुका. जनावराच्या गुह्य भागात नळीने हवा फुंकून वा अन्य पदार्थ घालून बळाने पान्हा आणावयाचा, असा हा प्रकार. मुंबई व कलकत्ता या दोन्ही नगरांत तो चालत असे. मुंबईत प्राण्यांचा छळ रोखण्यासाठी १८७४ साली एक संस्था स्थापन झाली होती, आणि १८८० नंतरच्या दशकात परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावे जनावरांचे रुग्णालयही उभे राहिले. पुढे १८९० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात फुक्यासाठी स्वतंत्र कलमच घालण्यात आले. एखाद्या कृत्यास नाव घेऊन कायद्यात बंदी करावी लागते, तेव्हा ते किती सर्रास चालत असले पाहिजे, याची कल्पना वाचकांनी करावी.

याच फुक्याने एका थोर पुरुषाच्या आहारात पालट घडविला. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत असताना कलकत्त्याहून आलेल्या वाङ्मयात गवळ्यांकडून गाईम्हशींच्या होणाऱ्या छळाची वर्णने त्यांच्या वाचनात आली. १९१२ साली टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी व त्यांचे सहकारी कॅलनबाक यांनी दूध सोडले. ब्रह्मचर्याचा विचार त्यामागे होताच, परंतु या छळाचाही वाटा होता, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. पुढे खेड्याच्या चळवळीनंतर ते अत्यवस्थ झाले, तेव्हा १९१९ च्या आरंभी, प्रतिज्ञा करताना आपल्या मनात गाईम्हशीचेच दूध होते, हा कस्तुरबांचा युक्तिवाद मान्य करून त्यांनी शेळीचे दूध स्वीकारले. ज्यांच्या नावाने हा छळ ग्रंथात नोंदला गेला ते आपल्याच धंद्याचे लोक होते, हे आपण विसरता कामा नये. गोकुळाचा वारसा सांगताना हेही पान उलटून पाहिले पाहिजे.

गोरक्षण म्हणजे केवळ खाटकाच्या सुरीस विरोध नव्हे, तर घरच्या जनावराची नीट निगा, असे गांधीजींचे पुढील काळातील सांगणे होते. त्यांच्या प्रेरणेने १९४१ साली वर्धा येथे गोसेवा संघ स्थापन झाला व जमनालाल बजाज यांनी ते कार्य अंगावर घेतले. दुर्दैवाने फेब्रुवारी १९४२ मध्येच त्यांचे निधन झाले. तथापि गाईची जात सुधारावी, गाईचेच दूधतूप वापरावे, मेलेल्याच जनावराचे चामडे घ्यावे, हा विचार विदर्भात त्या निमित्ताने रुजला.

मुंबईच्या तबेल्यांचा प्रश्न सोडविण्याचे दोन मार्ग याच सुमारास निघाले. एक मार्ग म्हणजे तबेलेच शहराबाहेर न्यावयाचे. १९४९ साली गोरेगावनजीक सुमारे १,२८७ हेक्टर जमिनीवर आरे दुग्ध वसाहत उभी राहिली आणि सुमारे सोळा हजार जनावरांची तेथे सोय झाली. या योजनेचे कर्ते दारा खुरोडी होत. तेथे हवा, उजेड, हिरवा चारा व पशुवैद्य मिळाले, आणि जनावरांचे हाल पुष्कळ कमी झाले. दुसरा मार्ग गुजरातेत खेडा जिल्ह्यात निघाला. १९४६ साली तेथे शेतकऱ्यांचा सहकारी दूध संघ स्थापन झाला, आणि जनावर शहरात नेण्याऐवजी दूधच शहरात नेण्याची व्यवस्था झाली. खुरोडी, त्रिभुवनदास पटेल व वर्गीज कुरियन या तिघांस १९६३ साली मॅगसेसे पारितोषिक एकत्र मिळाले, ते उचितच झाले. वासराच्या दृष्टीने पाहता दुसरा मार्ग अधिक मोलाचा, असे आमचे मत आहे. म्हैस आपल्या गोठ्यातच राहिली, भाकड झाली तरी पुढील विणीची आशा राहिली, आणि पारडीला धनी उरला. १९७० पासून हीच पद्धत ‘दुधाचा महापूर’ योजनेने देशभर नेली.

कायद्याच्या बाजूनेही प्रगती झाली. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राणिक्लेश प्रतिबंधाचे खासगी विधेयक मांडले. सरकारने आपण स्वतः कायदा करू, असे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले. आणि १९६० साली नवा कायदा झाला. त्याच्या बाराव्या कलमात फुका करणाऱ्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद वा दोन्ही, आणि जनावर सरकारजमा, अशी शिक्षा ठेविली. १९८२ साली दुरुस्ती होऊन दूध वाढविण्यासाठी अपायकारक पदार्थ टोचणे हेही त्यात आले. अकराव्या कलमाने पाळलेल्या जनावरास पुरेसे अन्नपाणी न देणे हाही गुन्हाच ठरविला; मात्र त्याच्या पहिल्या वेळची शिक्षा पन्नास रुपयांपर्यंतच्या दंडाचीच ठेविली. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाय व तिची वासरे यांच्या कत्तलीस बंदी झाली आणि २०१५ साली ती बैल व वळू यांनाही लागू झाली. म्हशीचे रेडकू त्या बंदीत येत नाही. या कायद्याच्या इष्टानिष्टतेचा वाद येथे करण्याचे प्रयोजन नाही. आम्हास इतकेच सांगावयाचे आहे की, सुरी थांबविणे एकवेळ सरकारला शक्य होईल, परंतु पहाटेच्या अंधारात कोणत्या गोठ्यात कोणते वासरू उपाशी बांधले आहे, हे पाहावयास सरकार येऊ शकत नाही.

शास्त्राने आपल्या हाती नवी साधने दिली, त्यांचाही दुहेरी परिणाम झाला. वासरू आचळाला लागताच आईच्या रक्तात एक द्रव्य उतरते व त्याने पान्हा फुटतो, हे विसाव्या शतकात स्पष्ट झाले. त्या द्रव्याचे नाव ऑक्सिटोसिन. १९५३ साली व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अडलेल्या बाळंतिणींस वरदान ठरलेले हे औषध गोठ्यात मात्र फुक्याची जागा घेऊन बसले. वासरू मरू द्यावे आणि सुईने पान्हा आणावा, इतका सोपा मार्ग निघाल्यावर पेंढा भरलेल्या कातड्याचीही गरज उरली नाही. सरकारने या औषधावर वेळोवेळी निर्बंध घातले, तरी त्याचा चोरटा व्यवहार पुरता थांबला नाही.

संकरित गाईंचे तसेच. उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने संकरित गाय गरीब शेतकऱ्याच्या दारी नेली. असंख्य कुटुंबांचा संसार त्यावर उभा राहिला, आणि ते ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु संकरित गोऱ्हा आपल्या उन्हात व औताला देशी गोऱ्ह्याइतका टिकत नाही, अशी शेतकऱ्यांची तक्रार होती. त्यातच ट्रॅक्टर आला आणि गोऱ्ह्याचे मोलच गेले. पूर्वी ज्या घरात गोऱ्हा झाला म्हणून साखर वाटीत, त्याच घरात आज तो झाला की कपाळाला आठ्या पडतात.

याचा पुरावा सरकारी पशुगणनेतच आहे. २०१९ च्या गणनेप्रमाणे देशात म्हैसवर्गाची एकूण संख्या सुमारे १० कोटी ९८ लाख होती. त्यांपैकी माद्या दहा कोटींहून अधिक आणि नर एक कोटीहूनही कमी भरले. निसर्ग नर व मादी जवळजवळ समान जन्मास घालतो. मग दहा माद्यांमागे एकही नर पुरता उरत नाही, तो उरलेला कोठे गेला? काही मांसासाठी गेले, हे खरे. परंतु पुष्कळ गोठ्यातच संपले, हे आपणांस कोणी बाहेरच्याने सांगावयास नको. आम्ही पस्तीस वर्षे शाळेत गाईवरील निबंध तपासले. दूध, शेण, गोमूत्र, बैल, चामडे, असे तिचे उपयोग मुले क्रमाने लिहीत. वासराचा उल्लेख आला तर तो तिच्या अपत्याचे नाव काय, एवढ्यापुरता. मुले जे घरी ऐकतात तेच लिहितात.

हा दोष आपल्याच देशाचा आहे, असेही नव्हे. विलायतेत दुधाच्या धंद्यातील नको असलेल्या गोऱ्ह्यांना अंग वळविता येणार नाही इतक्या अरुंद पेट्यांत कोंडून, लोह नसलेला आहार देऊन, पांढऱ्या मांसासाठी वाढविण्याची पद्धत निघाली होती. १९६४ साली रूथ हॅरिसन या बाईंनी पुस्तक लिहून तिला वाचा फोडली. सरकारने ब्रँबेल समिती नेमली, आणि तिने १९६५ साली सांगितले की, जनावरास निदान उभे राहणे, बसणे, वळणे, अंग चाटणे व पाय ताणणे इतके स्वातंत्र्य असावे. ब्रिटनमध्ये १९९० साली त्या पेट्यांवर बंदी आली. युरोपीय संघात आठ आठवड्यांवरील वासरांना अशा एकट्याच्या पेटीत कोंडणे २००७ च्या आरंभापासून बंद झाले. एका बाईच्या पुस्तकापासून कायद्यापर्यंत चाळीस वर्षे लागली. तेथे वासरू कोंडले जाई, येथे ते उपाशी राही. कारण मात्र एकच, की दुधाच्या हिशेबात ते निरुपयोगी ठरले.

आता इतिहासातून आजच्या कर्तव्याकडे येतो. आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबे आजही हा व्यवसाय करतात. त्यांच्यात एक समज दृढ आहे की, वार पडेपर्यंत वासराला पाजू नये. हा समज घातक आहे. गाईम्हशीच्या पोटात असताना वासराला आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती सर्व चिकातून मिळावयाची असतात. १९२२ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ व राल्फ लिटल यांनी प्रयोगाने दाखविले की, चीक मिळालेली वासरे जगली आणि न मिळालेली बहुतेक दगावली. ही द्रव्ये शोषून घेण्याची वासराच्या आतड्याची शक्ती जन्मानंतर तासातासाने घटते आणि सुमारे एका दिवसात संपते. म्हणून जन्मल्यापासून दोन तासांच्या आत चीक पाजावा. पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे तीस किलोच्या रेडकास तीन लिटर, इतका तो द्यावा. वासरू आचळाला लागले की वर सांगितलेल्या द्रव्यामुळे वार पडण्यासही साहाय्यच होते. तसेच रेडकांना आईच्या दुधातून जंतांची बाधा होते, म्हणून दूध तोडू नये. दहा ते पंधरा दिवसांच्या सुमारास पशुवैद्याच्या सल्ल्याने जंतांचे औषध द्यावे. नाळ कापल्यावर तेथे आयोडीन लावावे. यास खर्च किती? एका दिवसाच्या दुधाच्या पैशाहून अधिक नाही.

नर वासराचा प्रश्न कठीण आहे, हे आम्ही नाकारीत नाही. मादीच व्हावी अशा रीतीने वेगळे काढलेले रेत आता मिळू लागले आहे आणि त्याने दहांपैकी सुमारे नऊ वेळा कालवड होते. ज्यांस नर पोसणे परवडत नाही त्यांनी त्याचा अवश्य विचार करावा. कारण जन्मास घालून उपाशी मारण्यापेक्षा जन्मासच न घालणे हे कमी पापाचे होय. परंतु जो जन्मला, त्याला चीक आणि दूध मिळालेच पाहिजे. तो नर म्हणून जन्मला, हा त्याचा अपराध नव्हे.

मंडळाच्या आगामी वार्षिक सभेत याविषयी एक ठराव यावा, असे आम्ही सुचवितो. ज्या कुटुंबाच्या गोठ्यात वर्षभरात जन्मलेले प्रत्येक वासरू, नर असो वा मादी, सहा महिन्यांपर्यंत जगले, त्या कुटुंबाचा सत्कार वसुबारसेस व्हावा. आजवर आपण अधिक दूध देणाऱ्या म्हशीच्या धन्याचा सत्कार करीत आलो. तो खुशाल करावा, पण त्याच्या शेजारी हाही मान असावा. तसेच लग्नकार्यात खरवसाची ताटे मागविताना, ज्या गोठ्यातून चीक आला तेथील वासराला तो प्रथम मिळाला की नाही, इतके विचारण्याची आपल्या भगिनींनी सवय लावून घ्यावी. गिऱ्हाइकाने विचारले म्हणजे गवळ्याला ते करावे लागते, हे आपल्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार?

दूध हे वासराचे अन्न आहे आणि आपण त्याचे वाटेकरी आहोत. वाटेकऱ्याने मूळ धन्याला उपाशी ठेवून संसार करू नये, हा न्याय आपण शेतीच्या बांधावर मानतो. तोच गोठ्यातही मानावा, इतकीच सर्व ज्ञातिबंधुभगिनींस आमची नम्र विनंती आहे.